कोणती चूक कोणाची?

कनू लेकच्या धक्क्यावर सामानाची शेवटची तपासणी चालली होती आणि जेमतेम वीस वर्षांची एक मुलगी माझ्या पिशवीतली लिंबाच्या लोणच्याची बरणी हातात धरून उभी होती. बरणी काचेची, दुकानातून आणलेली. "ही आत जाणार नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण घासाघीस चालेल असंही वाटत नव्हतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं हे अल्गोंक्विन पार्क. आत, जिथे रस्ता पोचत नाही अशा तळ्यांवर मुक्कामाला जाताना खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बरण्या-बाटल्या नेता येत नाहीत. मी मुकाट्याने लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत काढलं. "दोन पिशव्यांत बांधलंत तर बरं," ती जाता जाता म्हणाली. मी एकीतच बांधलं. लोणचं कसं बांधावं हे आता हिच्याकडून शिकायचं का?

ती आमची गाइड. तिच्या जोडीला बावीस वर्षांचा एक मुलगा. तेरा-चौदा वर्षांची सहा मुलं, त्यांत माझी लेक, आणि पालकांतून आलेली मी. एकूण नऊ, कारण आतल्या मुक्कामाच्या एका जागेवर नऊपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. तीन होड्या, प्रत्येकीत तिघं, तीन रात्री. सहापैकी पाच मुलांनी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नव्हतं. मीही नव्हतं. ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठीच ही पहिलीवहिली सहल असते.

मी वाढले कऱ्हाडजवळच्या एका गावात. आमच्या मळ्यात विहीर होती आणि मे महिन्यात तिथे भावांची, चुलतभावांची पोहण्याची शाळा भरायची. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि पोराला वरून ढकलायचं. मुलींचं काम काठावर. कपडे सांभाळायचे आणि कोण किती वेळ बुडी मारतो ते मोजायचं. मला कोणी अडवलं असं नाही. कोणी विचारलंच नाही. कॅनडात मिसिसागाला आल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, कम्युनिटी सेंटरच्या तलावात मी पहिल्यांदा गळ्याच्या वर पाणी येऊ दिलं. शेजारच्या पट्ट्यात पाच वर्षांची पोरं सूर मारत होती.

त्यामुळे सहलीचा फॉर्म आला तेव्हा त्यातली पहिली अट वाचून मला हसूही आलं आणि धडकीही भरली. आधी तलावावर चाचणी. खोल पाण्यात अंग लोटून द्यायचं, वर येऊन एक मिनिट जागच्या जागी तरंगायचं, मग ५० मीटर पोहायचं. कसंही पोहा, हवा तेवढा वेळ घ्या, फक्त कशाला धरायचं नाही. कॅनडाच्या लाइफसेव्हिंग सोसायटीने आखलेली ही किमान पातळी आहे. माणूस नकळत पाण्यात पडला तर काठ गाठेपर्यंत टिकेल का, एवढंच ती बघते. पहिल्या खेपेला दोन मुलं नापास झाली. एका मुलाच्या आईने विचारलं, "अंगात लाइफ जॅकेट असणारच आहे ना, मग?" उत्तर मिळालं, की अजून आठ आठवडे आहेत, शिकायला आम्ही मदत करू, पण चाचणी द्यावी लागेल. दोघांपैकी एक जण पुढे पास झाला, दुसरा सहलीला आला नाही. मी धापा टाकत पास झाले. त्या आईची बाजू तेव्हा मला पटली होती, हेही सांगून टाकते.

कनू ही होडी पहिल्यांदा पाहिली की वाटतं, ही उलटणारच. लांबट शेंगेसारखी, दोन्ही टोकांना निमुळती, वजनाला तीसेक किलो. ती हलकी असण्याचं कारण असं, की या मुलखात होडी जेवढी पाण्यावर चालवायची तेवढीच खांद्यावर वाहायची असते. एक तळं संपतं, मध्ये झाडीतली वाट लागते, पलीकडे दुसरं तळं. त्या वाटेला आणि त्या वाहण्यालाही पोर्टेज म्हणतात. इथल्या मूळ रहिवाशांनी ही होडी घडवली ती बर्चच्या सालीची. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाच्याच कुळातलं हे झाड. अल्गोंक्विन पार्क झालं १८९३ साली. रायगड जिल्ह्याहून थोडं मोठं क्षेत्र आणि त्यात २,४०० हून अधिक तळी. ज्या अल्गोंक्विन लोकांचं नाव पार्काला दिलंय, त्यांनी ही जमीन कुठल्याही तहात दिलेली नव्हती. तिच्या हक्काची बोलणी आपल्या काळातही चालू आहेत. गाइडने पहिल्याच संध्याकाळी मुलांना हे सांगितलं ते मला आवडलं.

मुलांना उन्हाळ्यात इथे आणून होडीवर घालायची रीतही जुनी आहे. कॅश लेकच्या काठी नॉर्थवे लॉज नावाचा मुलींचा कॅम्प विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाला. कनू लेकवर टेलर स्टॅटन यांचा अहमेक हा मुलांचा कॅम्प १९२१ चा. माझ्या आजीला घरच्या विहिरीत डोकावलं म्हणून रागावत असतील त्या काळात इथल्या मुली रानातल्या तळ्यांवर वल्हवत होत्या, हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पहिल्या दिवशी कनू लेकच्या उत्तर टोकाकडे जाताना टेकाडावरचं टॉम थॉमसनचं स्मारक लागलं. हा कॅनडाचा फार मोठा चित्रकार. ही तळी आणि हे पाइन वृक्ष त्याने रंगवले म्हणून देशाला ओळखीचे झाले. उन्हाळे त्याने याच पाण्यावर काढले, इतरांना वाटही दाखवली, आणि १९१७ च्या जुलैत याच तळ्यात त्याचा देह सापडला. नेमकं काय घडलं यावर अजून वाद आहेत. गाइडने गोष्ट दोन वाक्यांत संपवली. मुलं जरा वेळ गप्प वल्हवत राहिली.

त्यानंतरचं पोर्टेज जेमतेम तीनशे मीटरचं. शाळेच्या मैदानाला एक फेरी मारावी एवढंच. पण पाठीवर तंबू, हातात वल्ही, निळं पिंप भरून शिधा, आणि होडी उलटी करून तिची आडवी दांडी मानेमागे खांद्यांवर टेकवलेली. आत डोकं गेलं की समोरची चार पावलं तेवढी दिसतात. मुलांना प्रत्येक वाटेवर दोन-दोन खेपा पडल्या. पूर्वी फरच्या व्यापारातले वल्हेकरी याच तऱ्हेच्या वाटांवर चाळीस-चाळीस किलोची दोन गाठोडी एकावर एक घेऊन चालत. आमच्यातल्या सगळ्यांत उंच मुलीने ते ऐकलं आणि आपल्या पाठीवरची पिशवी काढून तिच्याकडे नुसतं बघत राहिली.

पलीकडे जो लेक. इथे पाणी दोन बाजूंना फुटतं. आम्हाला पूर्वेकडच्या फाट्याला जायचं होतं. नकाशा माझ्या लेकीकडे होता. ती पहिल्या होडीत पुढे बसलेली, मी तिसऱ्या होडीत मधे, माझ्या मागे गाइड. दुपार कलली होती. पूर्वेला चाललो असतो तर ऊन पाठीवर हवं होतं. ते माझ्या डाव्या गालावर होतं. मी मागे वळून गाइडकडे पाहिलं. ती काठावरचा एक बगळा न्याहाळत होती. मी हळूच म्हटलं, "आपण चुकतोय." ती तितक्याच हळू म्हणाली, "हो. पाऊण तास जाईल." आणि पुन्हा बगळा.

पुढची वीस मिनिटं मला किती जड गेली ते कुठल्याही आईला सांगायला नको. जिभेच्या टोकावर लेकीचं नाव होतं. एक हाक पुरली असती. नकाशा नीट धर, सूर्य बघ, मी सांगितलं होतं ना! पाणी अरुंद झालं, मग मोकळं झालं, आणि समोर काठाला ओळीने लाकडी खोल्या, पाण्यावर छोटी-छोटी शिडं. कुठल्या तरी जुन्या कॅम्पची वस्ती. आमच्या वाटेवर अशी वस्ती नव्हती. पहिली होडी थांबली. लेकीने नकाशा एकदा उलटा केला, मग सुलटा. मागच्या होडीतून कोणी तरी विचारलं, "आपण कधीपासून चुकलोय?" तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी बगळा बघत होते.

मुक्कामाला पोचलो तेव्हा अंधारत होतं. घाईत स्टोव्ह पेटला, घाईत खिचडी उतरवली, तांदूळ दाताखाली येत होते. सगळ्यांनी ती खाल्ली. कोणी कोणाला बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या पाण्यात लोटण्याआधी मुलं आपणहून नकाशाभोवती जमली आणि प्रत्येक वळणाला सूर्य कुठे असेल ते बोटाने दाखवत बसली.

त्याच सकाळी दुसरी गोष्ट घडली. पाणी आरशासारखं, ऊन कडक, वारा नाही. एका चष्मेवाल्या मुलाने लाइफ जॅकेटचे खालचे दोन चाप सोडले. बस्स, एवढंच. कालपासून सगळ्या चुका हसत पाहणाऱ्या त्या गाइडने शिट्टी फुंकली आणि तिन्ही होड्या पाण्याच्या मधोमध थांबल्या. ती ओरडली नाही, कारण सांगितलं नाही, उपदेश केला नाही. चाप लागल्याचे दोन आवाज होईपर्यंत ती नुसती थांबली. मग म्हणाली, की पुढच्या थांब्यापासून आज दिवसभर तू माझ्या होडीत बसशील. तो म्हणाला, पाणी किती शांत आहे! ती म्हणाली, "हो." पण निर्णय बदलला नाही. तो दुपारपर्यंत फुरंगटून होता. मला तेव्हा ती फार कडक वाटली. पाऊण तास भरकटू देणारी ती हीच का?

रात्री मुलं तंबूत गेल्यावर मी तिला ते विचारलं. बर्न्ट आयलंड लेकच्या काठी बसलो होतो. पाण्यावरून लून पक्ष्याची ती लांबलचक, आर्त हाक येत होती. ती म्हणाली, की चुकांचे तिने दोन ढीग केलेत. ज्या चुकीची शिक्षा उद्या सकाळपर्यंत संपते, ती मुलांची. उपाशी राहा, भिजा, भरकटा. ती ती चूक मुलांकडून काढून घेत नाही. ज्या चुकीची शिक्षा कधीच संपत नाही, ती मात्र एकदाही त्यांच्या वाट्याला येऊ द्यायची नाही. तिथे चर्चा नाही आणि मतदानही नाही. मग माझ्या मांडीवरच्या शर्टाकडे पाहून ती हसली. पिशवीत लोणच्याचं तेल गळलं होतं आणि माझा एकुलता एक कोरडा शर्ट हळदीने पिवळा झाला होता. खाण्याचा वास लागला म्हणून तो अस्वलांपासून लांब, शिध्याबरोबर झाडाला टांगावा लागणार होता. "ही चूक तुमची होती," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिचा दुसरा ढीग आम्ही जवळून पाहिला. सकाळी तळ्यावर वारा सुटला. लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसू लागला. आम्हाला परतीच्या वाटेला लागायचं होतं आणि मुलं तयार होती. काल एवढं वल्हवलं, आज का नाही? गाइडने एकदाच सांगितलं, "वारा पडेपर्यंत नाही." दहा वाजले, बारा वाजले. पत्ते खेळून झाले, मुलं कंटाळली, दोघांची भांडणं झाली. वारा जरा कमी झाला तोच लांबवर गडगडलं. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं जाईपर्यंत पाण्यावर जायचं नाही, हा नियम. दोनदा ती तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली. निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. मी मध्ये एकदा म्हणून पाहिलं, की उद्या गाडी ठरलेल्या वेळेला येणार, उशीर होईल. "गाडी थांबेल," तिने सांगितलं.

हे शहाणपण या लोकांना जन्मतःच मिळालेलं नाही. अल्गोंक्विनच्या उत्तरेला, ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकच्या सीमेवर टिमिस्कॅमिंग नावाचं लांब, गार तळं आहे. १९७८ च्या जूनमध्ये तिथे एका शाळेच्या होड्या उलटल्या आणि १२ मुलं आणि त्यांच्याबरोबरचा एक मोठा माणूस गेला. पाणी इतकं गार होतं की लाइफ जॅकेटांनी त्यांना तरंगत ठेवलं, पण वाचवता आलं नाही. मुलांना कणखर करायचं म्हणून त्या सहली आखलेल्या होत्या. आणि हे जुन्या काळातलंच आहे असंही नाही. २०१७ च्या जुलैत याच अल्गोंक्विनमध्ये टोरंटोच्या एका शाळेच्या सहलीतला १५ वर्षांचा मुलगा पोहायला उतरला आणि बुडाला. नंतर उघड झालं, की त्या सहलीतली जवळपास निम्मी मुलं आधीच्या पोहण्याच्या चाचणीत नापास झाली होती आणि तरीही त्यांना नेलं होतं. तलावावर त्या आईला पटणारं उत्तर का मिळालं नाही, हे मला ते वाचल्यावर समजलं. तिचा प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला होता आणि त्याचं उत्तर एका मुलाच्या जिवाने दिलं होतं.

परत आल्यावर मी माझ्या घरातले दोन ढीग तपासले. ते उलटे लागलेले होते. लेकीने स्वेटर घातला का, पोळी टाकली का, गणितात दोन मार्क कुठे गेले, वाट चुकली तर काय, यांत मी दिवसातून दहा वेळा पडते. उद्या सकाळपर्यंत संपणाऱ्या सगळ्या चुका मी तिच्याकडून काढून घेतलेल्या होत्या. आणि ज्या ठिकाणी ठाम राहायचं, तिथे आमच्या घरातलं परवलीचं वाक्य आहे, "काही होत नाही गं." एका स्कूटरवर चौघं, काही होत नाही. पावसाळ्यात धबधब्याखाली, काही होत नाही. समुद्रात गुडघाभर पाण्यात, काही होत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी मीही इथे बसून बातमी पाहिली, हळहळले, आणि माझ्या लेकीला त्या वर्षी पोहायला घातलं नाही. कारण तेव्हा गणिताचा क्लास चालू होता.

यावर कोणी म्हणेल, की परदेशात राहून आपल्याकडच्या लोकांना शिकवू नका. पण मला आठवते ती आमची विहीर. तिथे पोराला वरून ढकलत हे खरं, आणि त्याच्या किंचाळण्याकडे कोणी लक्ष देत नसे हेही खरं. पण पाठीला डबा बांधल्याशिवाय एकही पोर कठड्यावर चढत नसे, आणि थोरले चुलते खाली पाण्यात उतरून उभे असल्याशिवाय कोणी कोणाला ढकलत नसे. डब्याची गाठ ते स्वतः ओढून बघत. एके दिवशी त्यांना ताप होता, तर शाळा बंद. पोरांनी कितीही रडारड केली तरी बंदच. नाकातोंडात पाणी जाणं ही पोराची चूक, गाठ सुटणं ही चुलत्यांची. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण दोन ढीग त्यांनीही केलेलेच होते. गाव सुटलं, विहिरी बुजल्या, फ्लॅट आले, आणि आम्ही गाठ बघायची सवय मागे टाकून नुसती ओरडायची सवय बरोबर घेऊन आलो. आणि त्या विहिरीत एक चूक चुलत्यांकडूनही झाली होती. काठावर कपडे घेऊन उभ्या असलेल्या मुलीही कधीतरी पाण्यात पडू शकतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

लेक चौथ्या दिवशी धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते, डास चावून मान सुजली होती आणि खिचडी करायला ती आता तयार नव्हती. सहलीने तिच्यात फार मोठा बदल झाला असं मला म्हणायचं नाही. तिचा नकाशा मात्र आता कोणी हातातून घेऊ शकत नाही. गाडीत मागे बसून ती मला रस्ता सांगत होती, एकदा चुकीचा, आणि मी चुकीच्या रस्त्याने गेले.

आपल्याकडेही आता मुलांची शिबिरं, ट्रेक, पाण्यावरच्या सहली वाढल्या आहेत आणि ते चांगलंच आहे. पुढच्या वेळी असा फॉर्म हातात आला की जेवण काय, खोली कशी, हे जरूर विचारा. पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. पाण्याजवळ नेण्याआधी माझ्या मुलाची पोहण्याची चाचणी कोण घेणार? आणि वारा सुटला, पाणी वाढलं, तर "आज नाही" म्हणण्याचा अधिकार तिथे नेमका कोणाला आहे? या दोन प्रश्नांना नाव घेऊन उत्तर मिळालं, तर मुलाला बिनधास्त पाठवा आणि बाकीच्या चुका त्याच्या त्याला करू द्या. नाही मिळालं, तर पैसे परत घ्या.